घोडदौड रोडवरून महालक्ष्मीस

सुरतेतील घोडदौड रोड हे नाव ऐकून तेथे घोडे पाहावयास मिळतील, अशी कोणा पाहुण्याची समजूत झाली, तर तो बिचारा फसावयाचा. साड्यांची व दागिन्यांची दुकाने, बँका, उंच इमारती आणि वाहनांची न संपणारी रांग, एवढेच तेथे आहे. घोडे गेले, मैदान गेले. नाव तेवढे राहिले. घोड्यांचा विषय सुरतेत तसा नाजूकच. १६६४ आणि १६७० साली महाराजांचे घोडदळ या शहरी येऊन गेले, हे आम्ही मराठी माणसे येथे जरा हळू आवाजातच सांगतो.

या रस्त्यालगत राहणारे आमचे एक वृद्ध पारशी स्नेही शर्यतींचे मोठे शौकीन. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी इंडियन डर्बी पाहण्यास ते आम्हांस मुंबईस घेऊन गेले. पहाटे फ्लाइंग राणीत बसलो. नवसारी मागे पडते न पडते तोच त्यांनी पिशवीतून घोड्यांच्या लिलावाची एक जुनी यादी काढून आमच्या हाती दिली. प्रत्येक शिंगरापुढे आईबापांची वंशावळ आणि जन्मतारीख छापलेली होती. कोणी जानेवारीचे, कोणी मार्चचे, कोणी एप्रिलअखेरचे.

"मास्तरसाहेब, ही तारीख वाचायची आणि विसरायची," ते म्हणाले. "बधा घोडानो जन्मदिवस एक ज!"

शर्यतीच्या दुनियेत घोड्याचे वय १ जानेवारीपासून मोजतात. शिंगरू जानेवारीत जन्मो की मे महिन्यात, पुढील १ जानेवारीस ते एक वर्षाचे झाले. ३१ डिसेंबरास जन्मलेले दुसऱ्याच दिवशी वर्षाचे! म्हणून अकरा महिन्यांच्या गर्भकाळाचा हिशेब करून, शिंगरे वर्षारंभी जन्मावीत अशी पैदास करणाऱ्यांची धडपड असते. ऑस्ट्रेलियासारख्या दक्षिणेकडील देशांत ऋतू उलटे, म्हणून तेथे हीच तारीख १ ऑगस्ट.

इंग्लंडात गिनीज, डर्बी व सेंट लेजर या मानाच्या शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांसाठीच असतात. आपल्याकडे मुंबईचा मोसम हिवाळ्यातला. त्यामुळे डिसेंबरातील गिनीज तीन वर्षांचा घोडा धावतो आणि दोनच महिन्यांनी डर्बीस उभा राहतो तेव्हा तो कागदोपत्री चार वर्षांचा असतो. तिसरी शर्यत, सेंट लेजर, सप्टेंबरात पुण्यास. तिन्ही जिंकणाऱ्यास तिहेरी मुकुट. मात्र डर्बी आयुष्यात एकदाच. त्या वर्षी पाय मुरगळला, ताप आला, वा अंगात भरण्यास चार महिने कमी पडले, तर पुढील वर्षी तो घोडा कितीही वेगवान होवो, त्यास ते दार बंद.

या खेळात आपल्या बडोद्याचे नाव मोठे आहे. १९४३ च्या पहिल्या इंडियन डर्बीत जिंकली ती प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी महाराज प्रतापसिंहराव गायकवाडांची. १९४५ साली त्यांनी इंग्लंडात एक वर्षाचे शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतले. एवढी किंमत तोवर कोणत्याही शिंगरास मिळाली नव्हती. त्याचा सख्खा भाऊ दांते त्याच वर्षीचा डर्बीविजेता. महाराजांनी शिंगराचे नाव ठेवले सयाजीराव! १९४७ साली एप्समच्या डर्बीत हा सयाजीराव तिसरा आला. पुन्हा संधी नव्हतीच. परंतु आयर्लंडची डर्बी आणि इंग्लंडचे सेंट लेजर त्याने त्याच वर्षी जिंकून दाखविले.

महालक्ष्मीस पोहोचलो. १८८३ सालचे हे मैदान. (२०२४ साली यातील १२० एकर जागा उद्यानासाठी देण्याचे ठरले, येथेही पुढे नावच उरू नये, एवढीच इच्छा.) शर्यतीपूर्वी घोडे रिंगणात फिरवितात, तेथे कठड्यास टेकून आम्ही उभे राहिलो. सारे चार वर्षांचे. पण एकाची छाती भरलेली, दुसरा अजून लांबट पायांचा, पोरसवदा. यादीतील तारखा आठवल्या आणि मन अकस्मात शाळेत गेले.

आमच्या रजिस्टरातही एक १ जानेवारी आहे. फक्त ती १ जून या नावाने ओळखली जाते. बाप खानदेशातून मागावर कामास आलेला, हातात दाखला नाही, "पोरगं उसाच्या तोडणीवेळी झालं" एवढीच खूण. आम्ही १ जून लिहून मोकळे होत असू. अशाच एका मुलास, पहिलीत बसावा म्हणून, आम्ही वर्षभराने मोठा केला होता. बाप हात जोडून उभा होता आणि आम्हांस आपण उपकार करीत आहोत असे वाटले होते. तो मुलगा उत्तम धावणारा निघाला. पुढे सैन्यभरतीस गेला, धावण्यात पहिला आला, आणि कागद तपासताना वयोमर्यादा काही महिन्यांनी ओलांडलेली निघाली. दाखला घेऊन तो आमच्याकडे आला. "सर, आई म्हणते मी अजून वीसचा आहे." रजिस्टर उघडले. अक्षर आमचेच होते.

घोड्याची खरी जन्मतारीख वंशावळीच्या नोंदीत तरी जपलेली असते. शर्यतीपुरतीच ती बाजूस ठेवतात. आमच्या रजिस्टरात दुसरा रकाना नव्हता.

शर्यत सुरू झाली. २,४०० मीटरांचे ते अंतर अडीच मिनिटांच्या आसपास संपते. लोक खुर्च्यांवर चढून ओरडत होते. आम्ही पैसे लावले नव्हते, असे लिहिले म्हणजे घरी शांतता राहील. आमची नजर त्या लांबट पायांच्या घोड्यावर होती. तो शेवटच्या वळणापर्यंत पुढच्या घोळक्यात होता, मग मागे पडला.

रात्रीच्या परतीच्या गाडीत स्नेह्यांनी ती यादी आम्हांस देऊन टाकली. त्या घोड्याचे नाव शर्यतीच्या पुस्तकात पाहून, आईबापांच्या नावांवरून आम्ही त्याचे पान शोधू लागलो. डहाणू आले तेव्हा सापडले. जन्म एप्रिलचा होता.