पाठीवर चालणारी अळी

चि. धाकटीस,


"अक्का, गच्चीवरच्या खताच्या ड्रमात हुमणी झालीय, पावडर टाकू का?" एवढं विचारलंस आणि फोन कटला. म्हणून लिहायला बसले. पावडर टाकू नकोस. आधी एक अळी कागदावर ठेव आणि ती चालते कशी ते बघ.

पांढरट, गुबगुबीत, तपकिरी डोक्याची, कोयत्यासारखी वळलेली. दिसायला हुमणी आणि दुसरी एक अळी, दोघी सारख्याच. पण सहा पाय असूनही ती उताणी झाली आणि पाठीच्या जोरावर सरपटत निघाली, तर ती हुमणी नव्हे. फुलांवर येतो ना चकचकीत भुंगा, त्याची ती अळी. कुजलेला पाला खाते आणि बारीक लेंड्या टाकते. तुला हवं असलेलं खत ते हेच गं! हुमणी पालथीच राहते, पायांवर रांगते आणि जिवंत मुळं कुरतडते. तशी निघाली तर वेचून साबणाच्या पाण्यात टाक.

मला हे कळायला चूक करावी लागली. पहिल्या वर्षी घाबरून उकिरड्यात औषध ओतलं. सकाळी पाहिलं तर गांडुळं वर येऊन मरून पडली होती. त्यांना ना डोळे, ना दात, ना फुप्फुसं. ओल्या कातडीनंच श्वास घेतात बिचारी. पळणार कुठं? म्हणून आता चैत्र-वैशाखात भाज्या धुतलेलं पाणी जपून ठेवते आणि गांडूळखताच्या बेडवरच्या गोणपाटावर दोनदा शिंपडते. टँकरची वाट बघणाऱ्या गावात तेवढंही पाणी जड जातं, पण त्यांच्या वाट्याचं त्यांना देते.

आपल्या भागात भूकंप झाला आणि त्यानंतर स्वयं शिक्षण प्रयोग संस्थेचं काम सुरू झालं, आठवतं ना? पुढे त्यांनी बायकांना घरच्या रानातला अर्धा-एक एकर स्वतःच्या हाती घेऊन सेंद्रिय भाजी-धान्य पिकवायला शिकवलं. 2016 साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्या शेतीतलं खत या मुक्या जिवांच्या पोटातून आलेलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुझं खत हातात घेऊन हुंग. पहिल्या पावसासारखा वास आला तर समज, मुरलं. तो वास मातीतले जिवाणू सोडतात. मोहरीहून बारीक, टुणकन उडणारे पांढरे किडे त्या वासाच्या मागानं येतात, जिवाणू खातात आणि त्यांचं बी अंगाला चिकटवून पुढं नेतात. म्हणजे ते दिसले तरी घाबरायचं नाही.

सगळ्यांनाच माफी देत नाही मी. 2022 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, लोकांना पुन्हा पेरावं लागलं. त्या मी आजही रात्री बॅटरी घेऊन वेचते, मिठाच्या पाण्यात टाकते.

वळवाचा पाऊस झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगे कडुनिंबावर, बाभळीवर चढतात. त्या आठवड्यात रजा काढून ये. खाली चादर अंथरू, फांद्या हलवू आणि पडतील ते रॉकेलच्या पाण्यात टाकू. येताना रिकामा डबा आण, गांडुळं देते. घट्ट झाकणाचा नको, वर फडकं बांधू.

तुझी,
अक्का