सोनौलीच्या कमानीपलीकडे

परदेशी जायचे म्हणजे पासपोर्ट, व्हिसा, विमान आणि बँकेत भरपूर शिल्लक हवी, असा आपल्याकडचा समज. पण आपल्याला एक परदेश असा आहे, जिथे रस्त्याने जाताना मतदार ओळखपत्र पुरते. तो म्हणजे नेपाळ. १९५० च्या करारापासून भारतीय आणि नेपाळी माणसाला ही सीमा खुली आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये मी आणि माझा गोकाकचा मित्र पाठीवर एकेक सॅक टाकून त्या सीमेपलीकडे फिरून आलो. घरात विषय निघाला की मुले पहिला प्रश्न विचारतात, "एव्हरेस्ट पाहिला का?" नाही पाहिला. जे पाहिले ते आज सांगतो.

आमची ओळख धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातली. मी निपाणीचा, इतिहासात एम. ए. करणारा, तो कन्नडचा विद्यार्थी. वसतिगृहात शेजारच्या खोल्या. मला कन्नड बोलता यायचे, वाचताना मात्र अक्षराला अक्षर जुळवावे लागे. त्याचे मराठी संकेश्वरच्या आजोळी शिकलेले. त्यात रस्ता 'ती' आणि बस 'तो' असायची. पुढे दोघांनाही नोकऱ्या लागल्या, हातात चार पैसे आले, आणि त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडून आम्ही निघालो.

बेळगावहून गोवा एक्सप्रेसने झाशी, तिथे गाडी बदलून गोरखपूर आणि पुढे बसने सोनौली. पाचशे-हजाराच्या नोटा तेव्हा नेपाळात चालत नसत, म्हणून सगळे पैसे शंभराच्या नोटांत. आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ रुपये होतात, हा दर १९९३ पासून ठरलेला. त्याच्या सॅकमध्ये अव्वाने दिलेल्या कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गोकाकचा करदंट; माझ्या सॅकमध्ये आईने दिलेला चिवडा आणि बेळगावचा कुंदा. कुंदा झाशीच्या आत संपला. भाकऱ्या काठमांडूपर्यंत टिकल्या.

सोनौलीला रस्त्यावर एक मोठी कमान आहे. कमानीच्या अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ. सायकलवर भाजीच्या टोपल्या लादलेली माणसे, दप्तरे घेतलेली पोरे, लग्नाचे वऱ्हाड, सगळे त्या कमानीखालून ये-जा करत होते. आम्हांला कुणी थांबवलेसुद्धा नाही. मित्र मागे वळून म्हणाला, "एवढंच?" सीमाभागात जन्मलेल्या दोघा माणसांना त्या एका शब्दात पुष्कळ काही कळले. आपल्याकडे कागल ओलांडून निपाणीकडे येताना परका देश लागत नाही, तरी लहानपणापासून आपण तिथे एक रेघ बघत आलेलो असतो.

पलीकडे गेल्यावर घड्याळ पंधरा मिनिटे पुढे गेले आणि कॅलेंडर थेट सत्तावन्न वर्षे. त्यांच्या विक्रम संवताप्रमाणे भिंतीवर २०६५ साल होते. राजेशाही जाऊन जेमतेम पाच महिने झाले होते. पाट्या सगळ्या देवनागरीत. मी उत्साहाने मोठ्याने वाचत सुटलो: 'भन्सार कार्यालय', 'औषधि पसल', 'प्रहरी चौकी'. वाचता सगळे येत होते, अर्थ निम्म्याचाच लागत होता. भन्सार म्हणजे जकात आणि पसल म्हणजे दुकान, हे विचारून कळले. मित्र हसून म्हणाला, "आता कळलं? आमच्या आजोळी मला अस्संच व्हायचं."

लुंबिनीत अशोकाचा स्तंभ पाहिला आणि दिवसभराच्या बसप्रवासाने काठमांडू गाठले. बसंतपूरजवळच्या झोछें गल्लीत एका छोट्या गेस्ट हाउसमध्ये उतरलो. मालकाने ओळखपत्रे मागितली. आमच्या दोघांच्याही कार्डांवर कन्नड आणि इंग्रजी. कन्नड अक्षरांवरून बोट फिरवत त्याने विचारले, "यो कुन भाषा?" मी म्हणालो, "कन्नड." त्याने माझ्याकडे बघून पुढचा प्रश्न केला, "तपाईंको?" म्हणजे तुमची का? मी क्षणभर थांबलो. गावी याच प्रश्नावर माणसे अडून बसतात. माझ्याआधी मित्रच हिंदीत बोलून गेला, "दोनों की है." मग भिंतीवरच्या देवनागरी कॅलेंडरकडे बोट करून म्हणाला, "और इसकी वो भी है." मालक खूश झाला. म्हणाला, मग हे तर आमचेच.

दुसऱ्या दिवशी हनुमान ढोका राजवाड्याच्या भिंतीपाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. राजा प्रताप मल्लाने १६५४ साली तिथे एक शिलालेख कोरवून घेतला आहे. त्यात पंधरा भाषा-लिपींतला मजकूर असल्याचे सांगतात, फ्रेंच शब्दसुद्धा आहेत. हा लेख पूर्ण वाचणारा भेटला की खालच्या तोटीतून दूध वाहील, अशी तिथली दंतकथा. आपल्याकडे एका पाटीवर दोन लिपी किती आकारात असाव्यात यावर वाद होतात. तिथे एका राजाने आपली विद्वत्ता मिरवायला पंधरा एका दगडावर मांडल्या.

त्याच आवारात तलेजू भवानीचे उंच देऊळ आहे. १५६४ साली महेंद्र मल्लाने बांधलेले, सामान्यांना वर्षातून एकदा, नवमीलाच उघडते. नाव ऐकून तुळजापूर आठवले, आणि ते उगाच नव्हे. बिहार-नेपाळ सीमेवरच्या सिम्रौनगढला १०९७ साली नान्यदेवाने राज्य स्थापले. त्याचे घराणे मूळचे दक्षिणेतले; इतिहासात ते 'कर्नाट' घराणे म्हणूनच ओळखले जाते. चौदाव्या शतकात ते राज्य मोडले, तेव्हा तलेजू नेपाळच्या डोंगरात आली, अशी परंपरा आहे. तलेजू आणि तुळजा एकच, असे मानणारे अभ्यासक आहेत. मी वर्गात हे घराणे दोन वाक्यांत उरकत असे. त्या देवळासमोर मित्राने शांतपणे हिशेब मांडला, "राजा आमचा, देवी तुमची. आता भांडायचं कशावर?"

पशुपतिनाथाला मात्र माझे डोळे पाणावले. तिथल्या मुख्य पूजेचा मान परंपरेने कर्नाटकातल्या भट्टांकडे आहे. हे मी वाचले होते, पण वाचणे वेगळे आणि कानावर पडणे वेगळे. दर्शन झाल्यावर मित्र माझ्याशी कन्नडमध्ये काहीतरी बोलला आणि समोरून आवाज आला, "याव ऊरू?" म्हणजे गाव कोणते? घरापासून एवढ्या लांब, बागमतीच्या काठी. मित्राआधी मीच उत्तर देऊन मोकळा झालो, "निप्पाणी!" त्या भाषेने इतका आनंद आपल्याला होऊ शकतो, हे मला निपाणीत राहून कधी कळले नसते.

परतल्यावर दोनच महिन्यांत, डिसेंबर २००८ च्या अखेरीस, तिथल्या सरकारने या भट्टांच्या जागी नेपाळी पुजारी नेमले. लोक रस्त्यावर आले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि जानेवारीत सरकारला माघार घ्यावी लागली. शतकानुशतके तिथे पूजा करणाऱ्यांना 'बाहेरचे' म्हणायचे का, हाच वाद होता. बातमी वाचून मित्राचा फोन आला. तो एवढेच म्हणाला, "हे आपल्या पेपरातलं वाटतंय, नाही?"

भाऊबीज काठमांडूतच झाली. तिथे तिला भाइटीका म्हणतात. मालकाच्या बायकोने, आम्ही तिला दिदी म्हणायचो, आम्हा दोघांना रांगेत बसवले, उंबऱ्यावर अक्रोड फोडला, कपाळावर सात रंगांचा टिळा लावला आणि मखमली फुलांच्या माळा घातल्या. मी तिला आमची भाऊबीज सांगितली, त्याने त्यांची 'अक्कन तदिगी'. तिला दोन्ही शब्द उच्चारता येईनात. टिळा मात्र सारखाच लागला.

१ नोव्हेंबरला आम्ही गोरखपूर स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. आमच्या भागात त्या दिवशी एकाच्या गल्लीत राज्योत्सव असतो, दुसऱ्याच्या गल्लीत काळा दिन. आम्ही एका बाकावर बसून उरलेला करदंट वाटून खाल्ला. त्या दिवसाबद्दल बोललो नाही, टाळलेही नाही. माझे मत आजही माझे आहे आणि त्याचे त्याचे.

२५ एप्रिल २०१५ ला भूकंप झाला. ज्या काष्ठमंडपाच्या ओट्यावर बसून आम्ही शेवटच्या भाकऱ्या खाल्ल्या, तो कोसळला. आता तो पुन्हा उभा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याकडे वाद पेटून दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या, तेव्हा सोनौलीची ती उघडी कमान मला फार आठवली. दोन्ही वेळा मित्राचा फोन आला. तो मराठीत बोलला, मी कन्नडमध्ये.

मित्राची मुलगी आता कॉलेजात आहे, माझा मुलगा दहावीला. दोघेही इंग्रजी माध्यमात. एकमेकांशी बोलतात तेही इंग्रजीतच. मला काळजी वाटते ती याची. दोन भाषा घरात असूनही जो एकीतच वाढतो, त्याला परमुलखात कुणी "याव ऊरू?" म्हटले तर मान वळवायचे कारणच उरणार नाही. म्हणून आमच्या दोन घरांत ठरले आहे: पुढच्या सुट्टीत दोघांनी मिळून नेपाळला जायचे. त्याआधी माझ्या मुलाने कन्नड पाट्या वाचायला शिकायचे, तिने मराठी बोलायला. पैसे आम्ही देऊ. करदंट आणि कुंदासुद्धा.