जुन्या घडणीची नवी गिटार

१९५०च्या दशकातल्या स्ट्रॅटोकास्टरबरहुकूम घडवलेली एखादी नवी गिटार हातात घ्यावी आणि तारांची थरथर पकडणारा तिचा पिकअप बाजूने निरखून पाहावा. सहा तारांखाली सहा चुंबकी दांड्या असतात, पण त्यांची उंची सारखी नसते. तिसऱ्या तारेखालची दांडी सर्वांत वर आलेली, तर दुसरीखालची सर्वांत खाली दबलेली दिसते. लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९५४ साली ही गिटार बाजारात आणली, तेव्हा संचातली तिसरी तार गुंडाळीची असे. आत पोलादाचा बारीक गाभा आणि त्यावर आणखी एका बारीक तारेचं वेटोळं. पिकअपला जाणवते ती मुख्यतः आतल्या पोलादाची हालचाल. गाभा बारीक म्हणून आवाज कमी, म्हणून दांडी उंच. साठच्या दशकात हलके संच आले आणि तिसरी तार साधी, एकसंध पोलादाची झाली. आज बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींवर तीच असते. जुना आराखडा जसाच्या तसा उतरवणाऱ्यांनी दांडी मात्र उंचच ठेवली, त्यामुळे अशा गिटारीवर तिसरी तार बाकीच्यांपेक्षा उठून ऐकू येते, कधी कधी ओरडतेच.

मी संगतीला वाजवते. भावगीतं, नाट्यगीतं, जुनी चित्रपटगीतं. गायिकेच्या दोन ओळींमधल्या जागेत गिटारने एखादी मींड घेऊन पुढचा स्वर हातात द्यायचा, हे माझं मुख्य काम. फ्रेटवर बोट ठेवून तार आडवी ओढली की स्वर चढतो. माझ्या बहुतेक मिंडा तिसऱ्याच तारेवर होतात, कारण ती साधी पोलादी, हाताला नरम आणि गळ्याच्या मध्यम पट्टीत बोलणारी. नेमकी तीच तार जिथे सर्वांत अलगद असायला हवी तिथे पुढे येऊन उभी राहत असेल तर गाणं बिघडतं.

यावर सोपा वाटणारा उपाय म्हणजे ती दांडी अंगठ्याने खाली दाबणं. तो करू नये. या पिकअपमध्ये केसाएवढ्या बारीक, मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे थेट त्या दांड्यांभोवतीच घातलेले असतात. दांडी सरकली तर आतला वेढा तुटू शकतो आणि पिकअप मुका होतो. मी पिकअपच बदलले. चुंबक त्याच जातीचे, अल्निको पाच. तारही तीच, वेढेही जवळपास तेवढेच, फक्त सहाही दांड्या एका पातळीत. या गिटारीचा फ्रेटबोर्ड चांगलाच गोलसर असल्यामुळे मधल्या तारा कडेच्या तारांपेक्षा उंचावरून जातात, म्हणजे सपाट दांड्यांपासून त्या आपोआप जरा लांब राहतात. मला तेच हवं होतं.

या एका दांडीने मला गिटार आपल्याजोगी करण्याच्या कामाची रीत शिकवली. जुन्या घडणीतली प्रत्येक गोष्ट कुणीतरी कशासाठी तरी केलेली असते. ते कारण आज जिवंत आहे की नाही, हे आधी शोधायचं. कारण जिवंत असेल आणि आपल्या हाताशी जुळत असेल तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवायचा. कारण संपलं असेल, किंवा ते दुसऱ्याच कुणाच्या वाजवण्याचं असेल, तर बदल करायला संकोचू नये.

फेंडर स्वतः रेडिओदुरुस्तीच्या धंद्यातून आलेले. त्यांना गिटार वाजवता येत नसे. त्यामुळे ते वादकांना विचारत, त्यांच्या हातात नमुने देत, तक्रारी ऐकत. बिल कार्सन या वादकाने आधीच्या गिटारीच्या कडा बरगड्यांना टोचतात अशी तक्रार केली होती, आणि स्ट्रॅटोकास्टरचं अंग पोटाशी आणि कोपराखाली तासलेलं आहे त्यामागे अशा तक्रारी आहेत. नेक चार स्क्रूंनी जोडलेला. पिकअप, स्विच, बटणांखालचे पॉट असं जवळजवळ सगळं पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर बसवलेलं. तो पत्रा उलटला की सारी जोडणी समोर येते. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने दुरुस्ती करणाऱ्यांसाठी आखलेलं हे वाद्य आहे. ते उघडून आपल्याजोगं करणं म्हणजे त्याची विटंबना, असं मानणाऱ्यांशी माझं म्हणूनच पटत नाही.

माझ्या हातासाठी सर्वांत मोठा प्रश्न ब्रिजचा होता. स्ट्रॅटोकास्टरचा ब्रिज पुढच्या सहा स्क्रूंवर झुलतो. तारांचा ताण त्याला एका बाजूला ओढतो, मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा दुसऱ्या बाजूला, आणि तो मधे तरंगत राहतो. दहा ते सेहेचाळीस जाडीच्या तारांच्या संचाचा एकूण ताण सुमारे ४७ किलो भरतो. ब्रिजला जोडलेली ट्रेमोलोची दांडी हलवली की सगळे स्वर एकदम खाली-वर होतात. ज्यांना ती लाट हवी त्यांच्यासाठी ही रचना सुंदरच आहे. पण मींड घेताना हीच रचना आड येते. एक तार ओढली की एकूण ताण वाढतो, ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या पाच तारा उतरतात. खाली षड्ज धरून ठेवायचा आणि वरच्या तारेवर कोमल गंधारावरून मध्यमावर जायचं, असं काही करायला गेलं की धरलेला षड्जच ढळतो. ओढलेल्या तारेलाही अपेक्षेपेक्षा जास्त ओढावं लागतं, कारण आपण वाढवलेला ताण ब्रिज गुपचूप परत घेत असतो. तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या माणसाला हे सहन होत नाही.

मी मागचं झाकण काढून पाचही स्प्रिंगा लावल्या, त्यांना धरणारा पंजा आत आवळला आणि ब्रिजची पाटी लाकडावर टेकवली. मग ब्रिजच्या खाली लोंबणाऱ्या धातूच्या ठोकळ्यामागे, गिटारच्या शेपटाकडच्या बाजूला, सागवानाचा तुकडा घासून-घासून घट्ट बसवला. आता ब्रिज कुठल्याच बाजूला हलत नाही. गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनीही आपल्या गिटारींवर ब्रिज असाच लाकूड घालून पक्का केला. स्प्रिंगा मात्र मी काढल्या नाहीत. स्वर छेडला की त्या पोकळीत त्यांचीही बारीक थरथर होते, आणि या गिटारच्या आवाजात जी थोडी हवा आहे ती मला त्या थरथरीत ऐकू येते. ती मला हवी आहे.

दुसरा अडसर फ्रेटबोर्डच्या गोलाईचा. जुन्या मापात तिची त्रिज्या सव्वासात इंच, म्हणजे १८४ मिलिमीटर. आजकाल साडेनऊ इंच किंवा त्याहून सपाट फ्रेटबोर्ड सर्रास मिळतात. जुनी गोलाई हाताच्या नैसर्गिक वळणाशी जुळते, आडवं बोट टाकून कॉर्ड धरायला ती फार सुखाची आहे. पण वरच्या फ्रेटवर पहिली तार आडवी ओढत नेली की ती मधल्या उंचवट्यावर चढते, पुढच्या फ्रेटला टेकते आणि स्वर जागीच मरतो. नेक बदलला असता तर प्रश्न मिटला असता, चार स्क्रूंचं काम. पण या नेकवर माझा डावा हात खूश होता. मग तारांची उंची बाराव्या फ्रेटपाशी दोन मिलिमीटरपर्यंत वाढवली आणि बाराव्या फ्रेटच्या पुढचे फ्रेट एका जाणकार कारागिराकडून मधल्या भागात किंचित घासून सपाट करून घेतले. जुन्या पद्धतीचे फ्रेट मुळातच बारीक आणि बुटके, त्यामुळे घासायला धातू फार नसतो. हे काम मी स्वतः करत नाही. कानशीचे चार हात जास्त बसले तर नवे फ्रेटच घालावे लागतात.

मिरजेच्या तंतुवाद्यांशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांना यात नवल वाटणार नाही. तंबोऱ्याची घोडी कारागीर कानशीने घासतो, तार घोडीच्या पाठीला किती लांबवर चाटून जाईल ते ठरवतो आणि त्यावर जवारी खुली की बंद हे ठरतं. नवा तंबोरा घेतला तरी तो आपल्या पट्टीला, आपल्या कानाला लावून घेतल्याशिवाय कुणी गायला बसत नाही. त्यामुळे तंबोऱ्याचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही.

विजेच्या जोडणीत मी फार थोडं बदललं, पण त्या थोड्याचा उपयोग रोज होतो. जुन्या गिटारींवर तीन पिकअपांपैकी एक निवडणारा तीन जागांचा स्विच असे. वादक तो दोन जागांच्या मधे अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत, कारण त्या पोकळ, काचेसारख्या आवाजाची त्यांना गोडी लागली होती. फेंडर कंपनीने १९७७ साली पाच जागांचा स्विच देऊन त्या सवयीला मान्यता दिली. मीही तो बसवला. जुन्या जोडणीत टोनच्या दोन बटणांपैकी एक नेकच्या पिकअपला, एक मधल्याला आणि ब्रिजच्या पिकअपला काहीच नाही. त्यामुळे ब्रिजचा पिकअप हार्मोनियमच्या शेजारी फार बोचतो. स्विचच्या एका पायापासून दुसऱ्यापर्यंत वायरचा छोटा तुकडा सोल्डर केला की खालचं टोनचं बटण ब्रिजलाही लागू होतं. या गिटारीवरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा बदल हाच. कॅपॅसिटरही बदलला. जुन्या मापाचा ०.१ मायक्रोफॅरडचा होता, त्याने बटण पूर्ण फिरवलं की आवाज घोंगडीखाली जाई. ०.०२२चा लावल्यावर तेच बटण शेवटपर्यंत उपयोगी पडतं. पॉट २५० किलोओहमचेच ठेवले. त्यांच्यामुळे वरची धार जेवढी मवाळ होते तेवढी मला पुरते.

अशा बदलांनी गिटारची किंमत उतरते, असं सांगणारे भेटतात. पन्नासच्या दशकातल्या खऱ्या गिटारीला हात लावताना मीही शंभरदा विचार करीन, तो दस्तऐवज आहे. नव्या गिटारीचं तसं नाही. शिवाय वादकांचा इतिहास काही वेगळंच सांगतो. क्लॅप्टन यांची ‘ब्लॅकी’ ही गिटार १९७० साली नॅशव्हिलमध्ये घेतलेल्या जुन्या गिटारींपैकी तिघींचे उत्तम भाग जोडून बनली. डेव्हिड गिल्मर यांनी आपल्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरचे नेक, पिकअप, ब्रिज वर्षानुवर्षं बदलले, जास्तीचा स्विच बसवला, ट्रेमोलोची दांडी आखूड केली. २०१९ साली क्रिस्टीजच्या लिलावात ती ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. त्या लाकडाला ती किंमत आली, कारण एका माणसाने ते आयुष्यभर आपल्या स्वरासाठी घडवत ठेवलं होतं.

एक गोष्ट मात्र मी तशीच ठेवली आहे, ती म्हणजे गुणगुण. एका वेटोळ्याचा पिकअप तारेचा आवाज पकडतो तसा घरच्या विजेचा पन्नास हर्ट्झचा गुंजारवही पकडतो. मधला पिकअप उलट वेढ्यांचा घेतल्यामुळे दोन पिकअप एकत्र असताना हा गुंजारव जवळजवळ जातो. पोकळीला तांब्याची पट्टी लावली, तिने दिव्यांची कुरकुर कमी झाली, पण मुख्य गुंजारव चुंबकी असतो, तो तांब्याला जुमानत नाही. आणि माझं बहुतेक वाजवणं नेकच्या एकट्या पिकअपवर. दोन वेटोळी एकावर एक बसवलेले बिनआवाजाचे पिकअप मिळतात. ते मी लावून ऐकले. गुणगुण गेली, पण तार छेडल्याचा पहिला क्षण, नखाचा तो स्पर्श, मला त्यांत तितका स्वच्छ ऐकू आला नाही. म्हणून एक वेटोळंच ठेवलं. गुंजारव दिशेवर अवलंबून असतो, गिटार जरा वळवली की तो कमी-जास्त होतो. नाट्यगृहात आवाजाची तपासणी असते तेव्हा मी आधी दिव्यांचे डिमर आणि ॲम्प्लिफायर कुठे आहेत ते पाहते, नेकचा पिकअप लावून खुर्ची हळूहळू फिरवते, सर्वांत शांत कोन सापडला की तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावते आणि गायिकेला सांगते, मी आज अशी तिरकी बसणार आहे.