चेटकिणीला माफी मागायला लावू नकोस

औरंगपुरा,
छत्रपती संभाजीनगर

चि. सोनूस,


राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी लिहिलेली तुझी संहिता वाचली. संवाद सहज आहेत, गाणी गोड आहेत. पण तुझी चेटकीण दुसऱ्याच प्रवेशात माफी मागते आणि मग स्वच्छतेवर भाषण देते! मुलं घाबरतील, पालक नाराज होतील, म्हणून तिला मवाळ केलंस असं तू फोनवर म्हणालीस. ते मला पटलं नाही.

नाटककार रत्नाकर मतकरींकडे बघ. 1959 साली सुधा करमरकरांनी ‘लिटल थिएटर’ ही मुलांच्या नाटकांची संस्था सुरू केली, ती मतकरींच्या ‘मधुमंजिरी’ने. त्यातली चेटकीण स्वतः करमरकरांनी रंगवली. संस्था उभी करणारी बाई पहिल्याच नाटकात चेटकीण होते, यातच सगळं आलं. पुढे मतकरींच्याच ‘अलबत्या गलबत्या’मध्ये दिलीप प्रभावळकरांची चेटकीण गाजली, आणि 2018 साली तेच नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगलेंची. ती समोर आली की मुलं खुर्चीवर उभी राहतात, राजकन्येला सावध करायला ओरडतात. पुढच्या रांगेतलं एखादं पोर आईच्या पदरात तोंड खुपसतं आणि बोटांच्या फटीतून बघतच राहतं. ते बघणं मोलाचं आहे, सोनू. भीती खरी असते, म्हणून सुटकाही खरी वाटते.

1962 मध्ये मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था काढली. बँक ऑफ इंडियातली नोकरी, ती 1978 पर्यंत, आणि उरलेल्या वेळात लेखन, दिग्दर्शन, निर्मिती. पत्नी प्रतिभाताई बरोबरीने उभ्या होत्या. ‘आरण्यक’, ‘लोककथा 78’ अशी मोठ्यांची नाटकं गाजल्यावर मुलांचं नाटक सोडून देणं सोपं होतं. बालनाट्य ही पायरी समजून वर जाणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मतकरींनी ते सोडलं नाही. अगदी उतारवयात ठाण्याच्या वस्त्यांमधल्या मुलांना घेऊन त्यांनी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. तिथे मुलं आपल्याच जगण्यातले विषय मांडत. 2018 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, आणि मे 2020 मध्ये कोरोनाने ते गेले.

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या सुझान लेबो याच वाटेच्या. 1975 पासून त्या मुलांसाठीच लिहीत आल्या आणि लिहिता लिहिता मजकूर मुलांसमोर तपासून बघत आल्या. त्यांच्या एका नाटकाचा नायक नरभक्षक राक्षसाचा लहान मुलगा आहे. आई त्याला भाजीपाल्यावर वाढवते, पण बापाची भूक त्याच्या रक्तात आहे आणि त्या भुकेशी झगडायचं ते त्यालाच. बघ, विषय केवढा, आणि प्रेक्षक केवढे!

इथे औरंगपुऱ्यात संध्याकाळी स. भु. शाळेची मुलं सुटली की पुस्तकांच्या दुकानांपुढे ही गर्दी होते. त्यांच्यासाठी नाटक मात्र वर्षातून एकदा, स्पर्धेपुरतं. त्यातही परीक्षक खूश व्हावेत म्हणून लिहिलेलं. मला याचं फार वाईट वाटतं.

भाषण काढून टाक. चेटकिणीला तिची भूक, तिची अक्कल आणि शेवटपर्यंत टिकणारी ताकद दे. आणि स्पर्धेआधी तुझ्या चौथीच्या वर्गाला पूर्ण वाचून दाखव. पोरं जिथे चुळबुळ करतील तिथे खूण कर, आणि खुणांसकट संहिता मला पाठव.

तुझी,
मावशी