सलामाच्या लेकींच्या वाटेवर

डोंगर थेट समुद्रात उतरतो म्हणजे काय, ते मुसंदमला कळलं. आपल्या कोकणकड्यावरची झाडं, माती, गवत सगळं खरवडून काढा, पायथ्याशी निळंशार पाणी भरा आणि तो कडा मैलोन्‌मैल वळवत न्या. ओमानचं हे उत्तरेचं टोक असं आहे! हिरवं पान औषधाला नाही. खडकाचे थर घडी घातलेल्या घोंगडीसारखे वाकलेले, आणि ऊन असं की होडीच्या काठावर हात टेकवत नाही. समोर धुरकट क्षितिजापलीकडे इराण. मधली होर्मुझची सामुद्रधुनी अगदी अरुंद जागी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद.

खसबच्या किनाऱ्यावर मासळी वाळत पडलेली. डोळे मिटले तर थेट हर्णै! पण डोळे उघडले की बकऱ्या. इराणहून छोट्या वेगवान होड्यांतून आलेल्या, पाय बांधलेल्या, बें बें करणाऱ्या बकऱ्या उतरवल्या जात होत्या आणि त्याच होड्यांत सिगारेटची खोकी रचली जात होती. पोरगेले नावाडी, तोंडाला फडकी, इंजिनं सुरूच. हा चोरटा व्यापार भर दुपारी, सगळ्यांच्या देखत चाललेला.

पुढे कुमझार. डोंगराच्या कुशीतलं हे गाव, तिथे होडीनेच पोचायचं. भाषा त्यांची स्वतःची, फारसी-अरबी मिसळलेली. तिथल्या एका नाखव्याने मोडक्या हिंदीत विचारलं, "बडा जहाज देखना?" आणि होडी सलामा बेटाकडे वळवली. या खडकाळ बेटांना ‘सलामा आणि तिच्या लेकी’ म्हणतात. लेकी दोन. त्यांच्याच उत्तरेने तेलाची जहाजं जातात.

आणि मग ते दिसतं. आधी नुसती काळी रेघ, मग भिंत, मग भिंत संपतच नाही! तीनशे तीस मीटर लांब. आपली पंधरा डब्यांची लोकल त्याच्या डेकवर जवळजवळ पुरी मावेल. पोटात वीस लाख पिंपं तेल, त्या भाराने जहाज पाण्यात खोल बसलेलं. जहाजांसाठी आखलेल्या दोन पट्ट्यांपैकी अलीकडच्या पट्ट्यातून अशी भरलेली जहाजं बाहेर पडतात. पलीकडच्या पट्ट्यातून रिकामी आत शिरतात, ती इतकी वर तरंगतात की तळाचा तांबडा रंग उघडा पडतो. पट्टे दोन-दोन सागरी मैलांचे, मधे तेवढीच मोकळी जागा. जगात रोज वापरल्या जाणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा या दोन पट्ट्यांतून जातो. आपल्या घराघरातला गॅसही बराचसा इथूनच येतो.

एवढ्या जहाजावर माणसं किती? वीस-पंचवीस. तोफ एकही नाही. थांबायचं म्हटलं तरी मैलोन्‌मैल लागतात. माझ्या डोळ्यांसमोर तो डोंगर सरकत होता आणि मागे, बरीच लहान, करड्या रंगाची युद्धनौका चालली होती. कुणाची ते ओळखू आलं नाही.

राखणदार मागे आणि राखायचं जहाज पुढे, हे पाहून १९८७ आठवलं. इराण-इराक युद्धात दोन्ही बाजू तेलाच्या जहाजांवर तुटून पडल्या होत्या. चारशेहून जास्त खलाशी त्यात गेले. कुणाचेच सैनिक नसलेली माणसं ती! कुवेतने मदत मागितली, अमेरिकेने त्यांच्या अकरा जहाजांवर आपला झेंडा चढवला आणि तांडा निघाला. २४ जुलैला, सामुद्रधुनी पार करून आखातात शिरल्यावर, ‘ब्रिजटन’ हे चार लाख टनांचं जहाज पाणसुरुंगावर आदळलं. भगदाड पडलं, तरी ते चालतच राहिलं. मग काय झालं? युद्धनौका मुकाट त्याच्या मागे लागल्या! त्या अजस्र पोटाला जे सोसलं ते युद्धनौकेच्या पातळ पत्र्याला सोसणार नव्हतं. ज्याला जपायला आले, त्याच्याच आडोशाने चालले. पुढच्या एप्रिलमध्ये ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्‌स’ ही अमेरिकी नौका सुरुंगाने बुडता बुडता वाचली, तेव्हा ती भीती खरी ठरली.

२०१९ साली जहाजांवर पुन्हा हल्ले झाले तेव्हा आपलं नौदलही आलं. ‘ऑपरेशन संकल्प’. ‘चेन्नई’ आणि ‘सुनयना’ या नौका पाठवल्या होत्या. पहिली माझगाव गोदीत बांधलेली, दुसरी गोव्यात. आपल्या किनाऱ्यावर घडलेलं पोलाद या उन्हात पहारा देत होतं, या विचाराने मला तिथे भरून आलं. त्याच वर्षी जुलैत इराणने ‘स्टेना इम्पेरो’ हे तेलाचं जहाज पकडलं. त्यावरच्या २३ माणसांत १८ भारतीय होते.

परतताना ऊन उतरलं आणि खसबहून त्या होड्या सुटल्या. एक, चार, दहा, मग मोजदादच नाही! नाकं हवेत, मागे पांढरे फवारे, इंजिनांचा कानठळ्या बसवणारा आवाज, आणि सगळ्या मोठ्या जहाजांच्या वाटेला आडव्या निघालेल्या. इराणचे सशस्त्र शिपाईही अशाच लहान, वेगवान होड्यांतून येतात. युद्धनौकेवर दुर्बीण लावून उभ्या असलेल्या विशीतल्या पोराला एवढ्या गर्दीत ठरवायचं असतं, त्या ताडपत्रीखाली सिगारेट आहे की बंदूक. तेही काही मिनिटांत, रोज संध्याकाळी.