नकाशावरील बाग

वाघूरकांठच्या आमच्या पहुरास संध्याकाळीं फिरावयास मोकळी वाट सांपडते. पुण्यास दोन खोल्यांत राहणाऱ्या माझ्या नातवंडांना घरहि अपुरें आणि अंगणहि नाहीं. तेव्हां नवीं घरें नकोत, असें मी म्हणणार नाहीं. परंतु बाग कशी जाते, तें वाचकांनीं जाणावें. १९६६ च्या नगररचना कायद्यान्वयें उद्यानासाठीं राखलेली खासगी जमीन १० वर्षांत संपादिली नाहीं, तर मालक कलम १२७ प्रमाणें नोटीस देऊं शकतो. पुढें २४ महिन्यांत संपादनास आरंभ न झाल्यास आरक्षण संपतें. मोबदल्यावांचून कोणाची भूमि अडकवून ठेवणें न्याय्यहि नव्हे. नकाशावरील हिरवा रंग सावली देत नाहीं. महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकांत उद्यानभूमीसाठीं रक्कम आहे काय, हें सुशिक्षित कुटुंबांनीं दरवर्षीं विचारावें.