आधी पोर, मग शकुंतला

कालिदासाच्या 'शाकुंतला'त ताटातूट झालेल्या जोडप्याची पुन्हा गाठ पडते ती सातव्या अंकात. पण कालिदास त्यांना लगेच समोरासमोर आणत नाही. आधी तो राजा दुष्यंतापुढे एक द्वाड पोर सोडतो. हेमकूट पर्वतावर, मारीच ऋषींच्या आश्रमात, या पोरानं सिंहिणीचं दूध पिणारा छावा ओढून आणलाय आणि त्याचे दात मोजायचा हट्ट धरलाय. दोन तापसी मेटाकुटीला आल्यात. छावा सोड, दुसरं खेळणं देते, असं म्हणताच हा लगेच हात पुढे करतो. त्या तळहातावर राजाला चक्रवर्तीची लक्षणं दिसतात. मला तर नुसता पुढे आलेला हातच जास्त खरा वाटतो. आधी खेळणं दे, मग बघू!

झटापटीत पोराच्या मनगटावरचा ताईत गळून पडतो आणि राजा सहज तो उचलतो. तापसी ओरडतात, पण तोवर उशीर झालेला असतो. आईबाप किंवा खुद्द मूल यांच्याशिवाय कुणी हात लावला तर तो साप होऊन डसायचा. साप होत नाही. दोघी एकमेकींकडे बघत राहतात.

तोवर हा राजा स्वतःला निपुत्रिक समजत असतो. सहाव्या अंकात धनमित्र नावाचा व्यापारी समुद्रात बुडून मरतो, मागे वारस नाही म्हणून सगळी संपत्ती राजाकडे जमा व्हायची. दुष्यंत म्हणतो, त्याच्या बायकांपैकी कुणी गरोदर आहे का ते बघा. एक निघते, आणि पोटातल्या बाळाला हक्क मिळतो. याच राजानं आदल्याच अंकात आपल्या गरोदर बायकोला भर दरबारातून परत धाडलं होतं. कालिदास टोमणा मारत नाही, नुसते अंक शेजारी शेजारी ठेवतो.

महाभारतात ना विसर पाडणारा शाप, ना आठवण परत आणणारी अंगठी. तिथली शकुंतला मुलाला घेऊन थेट सभेत जाते. राजाला सगळं आठवत असतं, तरी तो कानावर हात ठेवतो, आणि ती त्याला चांगलं फैलावर घेते. कालिदासानं दुर्वास ऋषींचा शाप मध्ये घातला, त्यानं राजा शकुंतलेला विसरला असं दाखवून त्याला सोडवलं. फार स्वस्तात सुटला, असंच मला कितीतरी दिवस वाटायचं.

आपल्याकडे जीव अडकलाय तो चौथ्या अंकात, लेक सासरी निघते तिथे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं, तेव्हा पहिले चारच अंक केले होते. त्या रात्री कण्व ऋषींच्या या लेकीची, शकुंतलेची, पाठवणी झाली, पण पोर काही रंगमंचावर आलं नाही. उरलेले अंक पुढच्या वर्षी आले. चौथ्याचं कौतुक जुने पंडितही करतात, करोत बापडे. माझं मत सातव्याला.

कारण तिथे ती येते, मळक्या वस्त्रांत, एकवेणी. हा कोण, असं पोर विचारतं, तर आपल्या नशिबाला विचार, एवढंच सांगते. राजा पाया पडतो, ती त्याला उठवते, दोष आपल्याच पूर्वकर्माला देते. तो अंगठी पुढे करतो. तिचा आता भरवसा नाही, तुमच्याच बोटात असू द्या, म्हणते. दुर्वासांच्या शापाचा उलगडा मारीच ऋषी करतात तो याच्याही नंतर. राजानं आपल्याला जाणूनबुजून टाकलं नव्हतं, हे कळायच्या आधीच तिनं त्याला उठवलेलं असतं.